गुरुवारची लाईट

नसीम, त्या गुरुवारी लाईट गेली नव्हती.

हे वाक्य मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आपल्या स्केटिंगच्या सरांना नाही. तुला तर नाहीच. सत्तावीस वर्षं ते माझ्या जिभेखाली आहे आणि त्याच जिभेनं मी तुझ्याशी जगातल्या सगळ्या विषयांवर बोललो, भांडलो, तुझ्या हातचा शीरखुर्मा खाल्ला.

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. दफनाच्या वेळी तुझ्या घरच्यांनी मला मागून पुढे बोलावलं. "दत्ताभाऊ, तुम्ही भाऊ आहात, या." मी तीन मुठी माती टाकली. तिन्ही वेळा हेच वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि तिन्ही वेळा मी ते गिळलं. मग परवा सना घरी आली. तुझी मुलगी दारात उभी राहते तीही तुझ्यासारखीच, एका पायावर भार टाकून, जणू आत्ता निघायचंय. म्हणाली, "दत्तामामा, अम्मीच्या नावानं स्पर्धा ठेवतोय. मुद्दाम गुरुवारीच. स्मरणिकेत एक पान तुमचं हवं. ती लाईट गेलेली गोष्ट लिहा. तुम्ही सगळ्यांत जवळून बघितलीय ना."

जवळून. हो. स्विचपासून हातभर अंतरावरून.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. भोसरीच्या बाजूला आपलं रिंक, राज्याची निवड चाचणी, गॅरेजवाल्याची सतरा वर्षांची पोरगी खेळायला उतरते. मध्येच गाणं बंद पडतं. पोरगी थांबत नाही. उरलेला सगळा खेळ नुसत्या चाकांच्या आवाजावर पुरा करते आणि पहिली येते. तिथून ती देशाची विजेती होते, आणि पुढे तर तिचा आवाजच घराघरात जातो. दिघी-मोशीपासून पार चाकणपर्यंत पायात स्केट बांधणारं प्रत्येक पोर ही गोष्ट ऐकून मोठं झालंय. आणि गाणं का बंद पडलं, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. आपल्याकडे कोण विचारणार? गुरुवार म्हणजे कंपन्यांची सुट्टी आणि तारांची दुरुस्ती. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या माणसानं शंका घेतली असती. आपल्या पट्ट्यातला माणूस गुरुवारी लाईट गेली म्हटल्यावर वर मान करूनही बघत नाही.

त्याच एका सवयीच्या आड मी इतकी वर्षं लपलो.

पण आधी चांगलं लिहितो. चांगलं खूप आहे, आणि ते सगळं खरं आहे.

दिघीत तुमचं टू-व्हीलरचं गॅरेज. मी मोशीहून बसनं भोसरीला यायचो, स्केटची पिशवी खांद्याला, आणि सरांचा क्लास सुटला की तुझ्याबरोबर चालत गॅरेजवर. तुझे अब्बा, मी त्यांना चाचा म्हणायचो, आपल्या दोघांची चाकं काढून बेअरिंग रॉकेलच्या डब्यात टाकायचे. एका जोडीची आठ चाकं, सोळा बेअरिंग. एकेक पुसून, तेलाचा थेंब सोडून, बोटावर फिरवून कानाशी न्यायचे. "ऐक बेटा, बोलतंय का? बोललं की समज अजून घाण आहे. चांगलं बेअरिंग बोलत नाही." तू फटकन म्हणालीस, "मग दत्त्या एकदम चांगलं बेअरिंग आहे, अब्बा. दिवसभरात चार शब्द." चाचा इतके हसले की हातातलं बेअरिंग डब्यात पडलं.

खरंच मी बोलायचो नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं आईकडे होतं.

सरांनी आपल्याला जोडीत घातलं ते उंची जुळली म्हणून. जोडी म्हणजे हात धरणं आलं, कंबरेला आधार देऊन उचलणं आलं. मी घरी सांगितलं तर आई चुलीपुढून उठून बाहेर आली. "कोनाची पोर? गॅरेजवाल्याची? बरं. पोरीचा हात धरायचा आसंल तर आदी तिच्याकडनं राखी बांधून घे. मंग खुशाल धर, पाडू मातुर नको." ही अट मी तुला सांगितली तेव्हा तू रस्त्यात खाली बसून हसलीस. दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून सगळ्यांत चकचकीत राखी आणलीस आणि रिंकवर सगळ्यांदेखत बांधलीस. "ही स्पर्धेपुरती हां, राव. हरलो तर काढून घेईन." श्रावण नव्हता, पौर्णिमा नव्हती. आपण हरलोही, तिसरे आलो. राखी तू काढून घेतली नाहीस. त्यानंतर प्रत्येक वर्षी बांधलीस, लग्न झाल्यावर, सना झाल्यावर, गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी तर पलंगावर बसून.

आणि आपली टेप. तिच्यावर मला जरा थांबायला हवं, कारण आपलं न मिटलेलं भांडण तिच्यात आहे.

माझ्या चुलतभावाच्या लग्नात जेवणाच्या पंगती चालू असताना बँडमधला एक म्हातारा क्लॅरिनेटवाला मांडवाच्या कडेला एकटाच वाजवत बसला होता. कुणासाठी नाही, स्वतःसाठी. मी चुलत्याचा टेपरेकॉर्डर त्याच्यापुढे ठेवला. चार मिनिटं आली. सरांना ती धून इतकी आवडली की आपल्या जोडीचा सगळा खेळ तिच्यावर बसला. फक्त एक घोटाळा होता. धून रंगात आलेली असताना मागून माझ्या आईचा आवाज, खणखणीत: "आरं दत्ता! पाव्हनं खोळंबल्यात, वाढाया घे!"

पुसता येईना. पुसलं तर धून तुटत होती. मग तूच म्हणालीस, राहू दे, तिथं उडी मारू. तेव्हापासून तुझी उडी आईच्या हाकेवर. "आरं दत्ता" म्हटलं की तू जमीन सोडायचीस आणि "वाढाया घे"ला खाली यायचीस. नागपूरच्या स्पर्धेत एका पंचांनी सरांना बाजूला घेऊन विचारलं होतं, हे मध्ये नक्की काय आहे? सर म्हणाले, लोकसंगीत.

तर भांडण असं, की धून निवडली कुणी? मी म्हणायचो मी, कारण टेपरेकॉर्डर मी ठेवला. तू म्हणायचीस तू, कारण "तुझ्याकडे अजून दहा टेपा होत्या, त्यातून ही मी उचलली." सत्तावीस वर्षांत हा निकाल लागला नाही. तू टीव्हीवर माझ्याविरुद्ध बोललीस, मी तुझ्याविरुद्ध रिंकच्या चहावाल्याजवळ बोललो. आज निकाल देऊन टाकतो. तू निवडलीस. मी फक्त ऐकलं होतं. ती काय आहे ते तुला कळलं होतं.

आता तो दिवस. त्याच्याआधीची एक संध्याकाळ.

गॅरेजवर आपण बेअरिंग पुसत होतो. तू वर न बघता म्हणालीस, "दत्त्या, यंदा मी एकटी खेळणार आहे. डबल उडी बसलीय. सर म्हणतात जोडीत राहिले तर वाया जाईल."

मी म्हणालो, "खेळ की."

"राग आला?"

"छ्या."

"टेप तीच घेऊ? मला दुसऱ्या कशावर जमतच नाही रे."

मी म्हणालो, "घे की."

मोशीच्या माणसाच्या 'की'त काय काय असतं ते तुला कळायला हवं होतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. खरं म्हणजे तू विचारलं होतंस. दोनदा. मीच सांगितलं नाही की तुझ्याशिवाय मला स्केटिंग नाही, एकट्यानं खेळण्याइतकं माझ्यात काही नाही, आणि ती चार मिनिटं एवढी एकच गोष्ट माझी होती, ती तू पिशवीत घालून निघालीस. हे बोललो असतो तर तू माझ्या पाठीत धपाटा घातला असतास आणि विषय मिटला असता. बोललो नाही. ते आत राहिलं आणि आंबलं.

स्पर्धा गुरुवारी ठेवली होती कारण खेळाडूंच्या बापांना त्याच दिवशी सुट्टी. रिंकभोवती कंपन्यांतली माणसं, पोरं खांद्यावर घेतलेली. कठड्याला चाचा उभे, खिशात पाना तसाच. मी खेळत नव्हतो, म्हणून सरांनी मला गाण्यांच्या खोलीत बसवलं. तुझी टेप माझ्याइतकी कुणाला माहीत नव्हती. खोली म्हणजे रिंकच्या टोकाची पत्र्याची टपरीच. एक खिडकी, टेबलावर टेपडेक आणि अँप्लिफायर, भिंतीवर स्विचचा बोर्ड, आणि कोपऱ्यात चौकीदाराच्या खोलीतून वायर ओढून लावलेला एक टेबल फॅन.

तू मध्यावर येऊन उभी राहिलीस. चाचीनं शिवलेला निळा ड्रेस, खाली काळी पूर्ण विजार. मी प्ले दाबलं. क्लॅरिनेट सुरू झाला आणि तू निघालीस. पहिल्या वळणातच मला कळलं की तू जिंकणार. माझ्याबरोबर खेळताना तू अशी कधी दिसली नव्हतीस. इतके दिवस मी तुला धरलं होतं असं मला वाटत होतं. त्या क्षणी दिसलं, मी तुला अडवून धरलं होतं. आणि गाणं माझं. माझ्या घरच्या लग्नातलं.

एक मिनिट पन्नास सेकंदांवर मी स्विच बंद केला.

हात चुकून लागला नाही. वायर हलली नाही. मी बोट लावलं आणि दाबलं. अँप्लिफायर, डेक, सगळं गप्प.

मला नियम माहीत होता. गाणं थांबलं तर खेळाडूनं थांबावं, पुन्हा पहिल्यापासून खेळावं, गुण जात नाहीत. मी स्वतःला सांगितलं, काय बिघडणार आहे, पुन्हा खेळेल. पण हेही मला माहीत होतं की आठवडाभर तुझा गुडघा सुजलेला आहे आणि तुझ्यात ती चार मिनिटं एकदाच आहेत. दोन्ही माहीत होतं. म्हणूनच दाबलं.

कठड्यावरून कुणीतरी ओरडलं, "गेली लाईट! गुरुवार आहे, राव!" माणसं हसली. मुख्य पंच बाई खुर्चीतून उठल्या, त्यांनी थांब म्हणून हात वर केला. सर खोलीकडे बघून हातानं काय झालं विचारत होते. मी खिडकीतून मान हलवली. गेली. एक शब्द न बोलता मी खोटं बोललो, माझ्या स्वभावाला धरून.

आणि तू थांबली नाहीस.

नसीम, मी त्यानंतर हजारो खेळ बघितले. तसा पुन्हा बघितला नाही. आधी हशा थांबला, मग कुजबुज. मग फक्त तुझी आठ चाकं त्या फरशीवर. वळताना एक आवाज, उलटं जाताना दुसरा, एका पायावर आलीस की बारीक, शिट्टीसारखा. बाहेर धून नव्हती, पण तू ती जिथं असायला हवी तिथंच होतीस. मी आत बसून मनात क्लॅरिनेट मोजत होतो आणि तू एक मात्रासुद्धा पुढे-मागे नव्हतीस. माझ्या खिडकीसमोरच्या कोपऱ्यात येऊन तू गिरकी घेतलीस, उभी, मग खाली बसून. मी खाली बघितलं. मला तुझा चेहरा बघवेना.

मग तू रिंकच्या मध्यावर आलीस, उडीच्या जागी. मला वाटलं आता अडेल. हाक कुठून येणार?

तू पूर्ण ताकदीनं ओरडलीस, "आरं दत्ता!"

आणि उडालीस.

डबल, हवेत दोन फेऱ्या. सत्तावीस वर्षं लोक टाळ्या वाजवून ही गोष्ट सांगतात, माझ्या पाठीवर थाप मारतात: काय भाग्यवान माणूस, चॅम्पियननं भर मैदानात नाव घेतलं! माझं काय झालं ते आज सांगतो. मला वाटलं तू मला पकडलंस. अख्ख्या रिंकसमोर माझं नाव घेऊन विचारतेयस, दत्ता, हे काय केलंस? माझं बोट तेव्हाही स्विचवर होतं. पुन्हा दाबलं असतं तर धून पुढे चालू झाली असती. मी दाबलं नाही. बंद करणं ही एका क्षणाची नीचता होती असं म्हणता येईल. पण हाक ऐकूनही चालू न करणं, त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

तू उतरलीस. एका पायावर, हात पसरलेले. तिथून पुढे टाळ्यांनी ठेका धरला, कंपनीतली माणसं, खांद्यावरची पोरं, आणि चाचा खिशातला पाना काढून लोखंडी कठड्यावर वाजवत होते. शेवटच्या गिरकीला तो सगळा आवाज इतका वाढला की पत्र्याची खोली थरथरली. तू थांबलीस, आणि वर बघून हसलीस.

पंच बाई धावत आल्या. "पुन्हा खेळायचंय का?"

"कशाला? झालं की."

इतकंच. माझ्याच तोंडचा तो 'की', पण तुझ्या तोंडी त्याच्या पोटात काही लपलेलं नव्हतं.

मी डेकचं स्टॉप दाबलं आणि मग स्विच चालू केला. सर धापा टाकत खोलीत आले. "आली का रे लाईट?" "आली." तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. टेबल फॅन फिरत होता. चौकीदाराच्या वायरीवर तो सगळा वेळ फिरत होता, उजवीकडे-डावीकडे मान हलवत, टक टक करत. लाईट 'आली' म्हटल्यावर आता काही फरक पडणार नव्हता, तरी मी झटकन पिन काढली. पण बघतो कोण? सगळे तुझ्याकडे बघत होते.

पेपरवाल्यानं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "गुरुवार होता ना. लाईट गेली." आणि माझ्याकडे वळून, "दत्त्या, भेळ खायला घाल, भूक लागलीय."

त्या वर्षीची राखी तू दोन गाठी मारून बांधलीस. मी विचारलं, दोन कशाला? "सुटू नये म्हणून."

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, मी परत सांगणार नाही. देशाचं सुवर्ण, परदेशातलं रौप्य, गॅरेजच्या भिंतीवर स्पार्क प्लगच्या फळीशेजारी टांगलेली पदकं. चाचा गिऱ्हाइकाला आधी पदक दाखवायचे आणि मग गाडी. मला आठवतं ते दुसरंच. ठरलेला निवेदक आला नाही म्हणून बालगटाच्या स्पर्धेत तू पहिल्यांदा माईक घेतलास. गुडघ्यानं तोपर्यंत तुला रिंकबाहेर काढलं होतं, तू तिशीची होतीस, आणि सगळे म्हणत होते संपलं. सहा वर्षांची एक पोर पडली. तू माईकवर म्हणालीस, "पडलीय. आता उठायची गंमत बघा, ती पडण्यापेक्षा अवघड असते." पोर उठली. सगळं रिंक उभं राहिलं. मी साउंडवर बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बाई, तुला दुसरा जन्म त्याच फरशीवर मिळाला.

स्केटिंगला तू मराठी दिलीस. आधी सगळे नुसतं स्पिन स्पिन करायचे. तू म्हणालीस, उभी फिरली तर भोवरा, वाकून फिरली तर भिंगरी, आणि खाली बसून फिरली तर जातं. चाकणच्या कंपनीत माझ्या शेजारी काम करणारा परभणीचा माणूस, ज्यानं आयुष्यात स्केट हातात धरलेला नाही, तो डबा खाताना मला सांगायचा, "काल त्या जपानच्या पोरीचं जातं काय फिरलं, भाऊ!" तळवड्याच्या एका स्टुडिओत स्वेटर घालून बसायचीस आणि बर्फावरच्या जागतिक स्पर्धांचं मराठी समालोचन आमच्या मोबाइलवर करायचीस. बर्फावर तू स्वतः एकदाच उभी राहिली होतीस, मॉलमधल्या, आणि पहिल्या मिनिटाला बसली होतीस. तेही तू ऐन अंतिम फेरीत सांगून टाकलंस.

आणि ते तुझं गप्प बसणं. खेळाचा सगळ्यांत मोठा क्षण आला की तू बोलणं बंद करायचीस. पहिल्यांदा केलंस तेव्हा म्हणे कानातल्या यंत्रात ओरडाआरडा झाला, "मॅडम, बोला! आवाज जातोय की नाही?" तू माईकवरच उत्तर दिलंस, "लाईट गेलीय. ऐका." आणि एवढ्या लोकांनी पहिल्यांदा बर्फ कापणाऱ्या पात्यांचा आवाज ऐकला. तेव्हापासून तो तुझा शब्दच झाला. उडीच्या आधी तू हळूच म्हणायचीस, "आता लाईट जाणार," आणि घराघरात माणसं चमचा खाली ठेवायची, पोरांना गप्प करायची. एकदा कुणीतरी तुला विचारलं, हे कुठून शिकलात? तू म्हणालीस, "आमच्या गुरुवारनं शिकवलं."

लोक मला सांगायचे, बघ, ती लाईट गेली म्हणून हे सगळं झालं. मी कधीकधी त्याचाही आधार घ्यायला गेलो. माझ्या त्या स्विचमुळे तू तू झालीस, असा. आज तोही सोडतो. तू माझ्यामुळे जिंकली नाहीस. मी तिथं असूनही जिंकलीस.

त्या दिवसानंतर मी एकच काम केलं. कंपनीत तपासणी खात्यात लागलो, लग्न झालं, पण दर स्पर्धेला गाण्यांच्या खोलीत मीच बसलो. प्रत्येक खेळाडूच्या दोन टेपा, नंतर दोन सीडी, नंतर दोन फोन. आधी बॅटरी, मग इन्व्हर्टर. पोरं म्हणतात, दत्ता सर असले की गाणं थांबत नाही. तू एकदा हे ऐकून म्हणालीस, "हो, तो आता फार जपतो." तेव्हाही मला कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं?

शेवटी कळलं ते हॉस्पिटलमध्ये. दुपार होती, माझी सुट्टी होती, म्हणजे गुरुवारच. सना जेवायला गेली होती. तुझा आवाज पार बसला होता, मोठी वाक्यं जमत नव्हती. तू छताच्या पंख्याकडे बघत होतीस.

"दत्त्या, गाण्याच्या खोलीतला टेबल फॅन आठवतो?"

"हो."

"टक टक करायचा."

"हो."

"त्या दिवशी पण फिरत होता. मी गिरकीत होते ना खिडकीपुढे. प्रत्येक फेरीला दिसायचा. मान हलवत होता. नको नको म्हणत होता मला." तू दम घेतलास. मग तुझा तो चिडवायचा चेहरा, उशीवर सुद्धा तसाच. "लाईट गेलीच होती रे. तुझी."

मी काय म्हणालो, आठवतं का तुला? मला रोज आठवतं. मी म्हणालो, "पाणी देऊ?"

तू थोडा वेळ माझ्याकडे बघितलंस. "दे," म्हणालीस.

मी पाणी दिलं. तू दोन घोट घेतलेस आणि विचारलंस, यंदा इंद्रायणीला पाणी किती आहे. मी सांगितलं, पुलाखालच्या पायऱ्या बुडाल्या. सना आली. मी उठलो. अकराव्या दिवशी तू गेलीस.

म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं. "आरं दत्ता" ओरडलीस तेव्हाही. ती उडीची हाक होती की मला दिलेली संधी, की दोन्ही? मी विचारलं नाही, आता उत्तर मिळायचं नाही. एवढं नक्की, की जाणून तू राखी बांधलीस, दोन गाठींची, आणि दर वर्षी, हजार लोकांपुढे, कॅमेऱ्यापुढे, माझं खोटं स्वतःच्या तोंडानं बोलत राहिलीस, हसत, जणू ते तुझंच आहे. तू ते इतकं मोठं केलंस की त्यात माझं पाप कुठंच दिसेनासं झालं. असं कुणी करतं का, नसीम? तुझ्या जागी मी असतो तर केलं नसतं. "खेळ की" म्हणून मोकळा झालो असतो.

इथपर्यंतचं पान मी छपाईला देण्याआधी सनाला वाचायला दिलं. ती माझ्यासमोर बसून वाचत होती आणि मी तिच्या पायांकडे बघत होतो. वाचून झाल्यावर तिनं कागद सारखे करून माझ्या हातात दिले. मग म्हणाली, "छापा. एक शब्दही काढू नका." आणि दारातून मागे वळून, "मामा, ती टेप आहे अजून?"

आहे. माझ्या कपाटात, प्लॅस्टिकच्या डबीत. त्या दिवशी डेकमधून काढली ती तशीच, तूही पुन्हा कधी मागितली नाहीस. पुढे नाही, मागे नाही, जिथं थांबवली तिथंच. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तिचा आवाज जगात फक्त तिथं आहे, त्या थांबलेल्या जागेच्या पुढे, आणि तो ऐकायला मी एकदाही प्ले दाबलेलं नाही. माझा तो हक्क नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी शेवटचा खेळ झाला की रिंक रिकामं करायचं असं सनाशी ठरलंय. मध्ये कुणी उभं राहणार नाही. मी डेक दुरुस्त करून आणलाय. फॅन मात्र नवा आहे, टक टक करत नाही.

त्या टेपची दोन मिनिटं दहा सेकंद वाजायची राहिली आहेत. तेवढं मी तुझं देणं लागतो.